बापसानं खारवलेला बर्फ

मध्यंतरी एका गृहस्थांचा फोन आला. जिल्ह्यातल्या खेळांचा इतिहास लिहितायत म्हणाले. कबड्डीचं प्रकरण झालं, कुस्तीचं झालं, क्रिकेटचं इतकं झालं की आता कापावं लागतंय. "तुमच्याकडे कायतरी आइस हॉकी वगैरे खेळतात असं कानावर आलं. भिवंडीत!" आणि हसले. भिवंडीत लूम असतात, गोडाऊन असतात, ट्रॅफिक असतं, बर्फ काय तो उसाच्या रसात, असं त्यांचं गणित असावं. म्हणाले, "दोन ओळी पाठवा ना, गंमत म्हणून टाकतो कोपऱ्यात."

गंमत म्हणून! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की "बघते" म्हणून फोन ठेवून दिला, नाहीतर तोंडातून काय बाहेर पडलं असतं सांगता येत नाही. अहो, दोन ओळींत आमच्या आत्याच्या शिव्यासुद्धा मावायच्या नाहीत. तेव्हा त्यांचा कोपरा त्यांच्यापाशीच राहू दे. मी सगळं लिहिते.

आमचं गाव शहराला कधीच चिकटलंय. पणजोबा खाडीकाठी मिठागरावर राबले, आजोबांनी भात लावला, आणि बापसानं त्याच भाताच्या जमिनीवर पत्र्याचं गोडाऊन उभं केलं. आमच्याकडे सगळ्यांचंच असं झालंय. आमच्या गोडाऊनला मात्र लगेच भाडेकरू मिळाला नाही. मागचं दार उघडलं की समोर ही एवढी मोठी रिकामी जागा आणि खाली ट्रिमिक्सची जमीन. ज्यांना ट्रिमिक्स माहीत नाही त्यांना सांगते, पाणी ओढून, मशीन फिरवून, घोटून घोटून गुळगुळीत केलेलं काँक्रीट. फोर्कलिफ्ट सरसर पळावी म्हणून करतात. मला ती जमीन दिसली की पाय शिवशिवायचे.

स्केट्सही भिवंडीनेच दिले. लोक ऑनलाइन वस्तू मागवतात, आवडली नाही की परत करतात, तो परतीचा माल इथल्या गोडाऊनमध्ये येऊन साठतो आणि मग पोत्याच्या हिशेबानं विकला जातो. बापसानं एकदा पंखा मिळेल म्हणून असं एक पोतं उचललं. पंखा नव्हताच. निघाले ते चाकांचे बूट, एका रांगेत चाकं लावलेले. काहींची जोडी लागत होती, काहींची नाही. माझ्या मापाचे होते ते दोन्ही डाव्या पायाचे. त्यांच्यावरच मी शिकले, आणि आजसुद्धा डावीकडे जरा जास्तच चांगली वळते.

हॉकी आली मोबाईलमधून. बर्फावर हेल्मेट घातलेल्या बायका सुसाट धावत होत्या, पडत होत्या, लगेच उठत होत्या, आणि "बाई पडली गं!" म्हणून कोणीही धावून येत नव्हतं. मला ते फार म्हणजे फार आवडलं. कॉलेजातली माझी मैत्रीण नारपोलीची. तिचे वडील लूमचे मिस्त्री. तिला व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "ये तो लूम जैसा है. इधर से मार, उधर से मार, बीच में धोटा." तिनेच काठ्या आणल्या. जुने लूम भंगारात निघत होते, त्यांच्यावर धोट्याला, म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळणाऱ्या लाकडी तुकड्याला, फटका मारणारी जाड लाकडी काठी असते. तिच्या टोकाला प्लायवूडचा तुकडा ठोकला की झाली हॉकी. जुन्या रबरी पट्ट्यातून चकती कापली. गोलला खाडीत टाकायचं फाटकं जाळं बांधलं. हा आमचा पहिला सरंजाम. ज्याला हसायचं त्यानं हसून घ्यावं.

हळूहळू आणखी पोरी आल्या. गावातल्या बायका विचारायच्या, "काठ्या घेऊन पोरी गोडाऊनात करतात तरी काय?" बापूस ओट्यावरून ओरडायचा, "धान झोडतात! तुला पन खायाची हाय का काठी?" तेवढ्यावर विषय मिटायचा. नंतर कळलं की चाकांवरच्या या खेळाच्या स्पर्धासुद्धा असतात. मुंबईच्या क्लबातल्या पोरी आमच्या काठ्या बघून एकमेकींना कोपर मारत होत्या. खेळ संपला तेव्हा कोणी कोपर मारत नव्हतं. आम्ही जिंकलो होतो.

तिथेच एका साहेबांनी आम्हाला पाहिलं. बायकांचा आइस हॉकीचा संघ उभा करायचा होता, हिवाळ्यात वर पहाडात गोठलेल्या तळ्यावर शिबिर होतं. आम्ही दोघी त्यांना पसंत होतो. अट एकच. बर्फावरचा व्हिडिओ पाठवायचा. हातात काठी, पुढे चकती, धावायचं, थांबायचं, वळायचं. बर्फावर कधी उभीच न राहिलेली पोरगी तिथे नेऊन हातपाय मोडून परत आणायची नव्हती त्यांना. अट वाजवी होती, मी नाही म्हणत नाही.

पण घोडं पेंड खात होतं ते बर्फापाशी. मुंबईला एका मॉलमध्ये बर्फाचा लहानसा चौक होता, तिथे गेलो. आत कोणाचा तरी वाढदिवस चालला होता, पोरं प्लास्टिकचे पेंग्विन धरून घसरत होती. आमच्या काठ्या दारातच काढून घेतल्या. मी भांडले, अर्थात. भांडून काठी मिळाली नाही, उलट गार्डनं आम्हाला जिन्यापर्यंत सोडलं.

मला जायचंच होतं. हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. घरी माझ्या स्थळांचं बोलणं सुरू झालं होतं. बघायला येणारी माणसं विचारायची, "हे चाकांचं लग्नानंतर चालू राहणार का?" आणि मी चहाचा ट्रे तसाच धरून म्हणायची, "हो." त्यामुळे बरीच स्थळं चहावरच आटोपली. पण मला एकदा तरी खऱ्या बर्फावर, खऱ्या संघातून खेळायचं होतं. बस्स, त्यापुढचं मला काहीच दिसत नव्हतं. एकदा घरी चिडून रडले तेव्हा आत्या आलेली होती.

आत्या म्हणजे बापसाची मोठी बहीण. धामणकर नाक्याच्या पुढे मासे विकते. हात बर्फात आणि तोंड आगीत, अशी बाई. म्हणाली, "बर्फ पायजे ना गो? मग त्यात रडाचं काय? जल्लं माझं आयुष्य गेलं बर्फात. गाडी भरून आणते."

मी म्हटलं, "आत्या, मासे ठेवायचे नाहीत. त्याच्यावर धावायचंय."

"धाव, नाच, काय पायजे ते कर. बर्फ तो बर्फ."

गोडाऊनच्या एका टोकाला थंड खोली होती. मटार आणि आइस्क्रीम ठेवणाऱ्या एकासाठी बापसानं ती बांधली, आणि तो माणूस थोड्याच दिवसांत गाशा गुंडाळून गेला. मशीन अर्धवट चालायचं. पाणी गोठवण्याइतका जोर त्याच्यात नव्हता, पण आत शिरलं की अंगावर काटा यायचा. आणलेला बर्फ तिथे दिवसभर टिकला असता. स्केट्सची एकच जोडी होती, पात्यांची, जुनी, कोणाची तरी वापरलेली. मैत्रिणीला ती मोठी व्हायची म्हणून ती मोज्यावर मोजे चढवायची, मला घट्ट व्हायची म्हणून मी अनवाणी पाय कोंबायची.

रविवारी सकाळी टेम्पो आला. बर्फाच्या लाद्या, वर भाताचा तूस, त्यावर गोणपाट. आत्या पुढे बसलेली, राणीसारखी. तूस धुवून लाद्या एकीला एक लावायला सुरुवात केली. बापूस, माझे चुलतभाऊ, मैत्रिणीचे वडील, सगळे राबले. मधल्या फटींत बर्फाचा चुरा ठेचून बसवला. मिस्त्रीकाका गुडघ्यावर बसून लेव्हल बघत होते, लूम बसवताना बघतात तसे. दुपार व्हायच्या आत खोलीभर बर्फ पसरला. वरून हात फिरवला तर काचेवरून फिरावा तसा फिरला. मला तर तिथेच नाचावंसं वाटलं.

आत्या म्हणाली, "आधी खाऊन घ्या. रिकाम्या पोटी पडशील ती उठाची न्हायस." खाडीचं मासं आणि तांदळाची भाकरी होती. बर्फालाही जरा दम धरू द्यावा म्हणून आम्ही जेवायला बसलो. बापूस म्हणाला, "तुम्ही जेवा, मी लक्ष ठेवतो." यातलं "लक्ष ठेवतो" मी नीट ऐकायला हवं होतं. आमच्या घरात पुरुष माणूस लक्ष ठेवतो म्हणाला की काहीतरी होतंच.

जेवून आले तर बापूस दारात उभा, हातात रिकामी गोणी, चेहऱ्यावर एवढं समाधान. म्हणाला, "बर्फाला पाणी सुटत होतं. मीठ मारलंय. आता हालाचा न्हाय."

"काय मारलंय?"

"मीठ. खडं मीठ. सगळीकडं मारलं, कोपरा तेवढा राहिला, गोणी संपली."

मी आत पाहिलं. काचेसारख्या बर्फाला देवीचे व्रण पडल्यासारखं झालं होतं. जिथे जिथे खडा, तिथे तिथे खड्डा, आणि खड्ड्यांतून पाणी झरत होतं. मधे ठेचून बसवलेला चुरा पातळ खिचडी झाला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी अशी ओरडले की पत्रे हलले असतील. "बाबा! मी काय बोंबील हाय का? मला खारवतोस? मिठानं बर्फ विरघळतो! शाळेतल्या पोराला कळतं!"

बापूस गडबडला, पण हटला नाही. "अगो, मिठानं बर्फ जास्ती थंड होतो. पिढ्यान्‌पिढ्या आपण मासं असंच ठेवतो. हात लावून बघ, किती गार झालाय."

आणि संतापाची गोष्ट ही की त्याचं खरं होतं. बर्फ आधीपेक्षा गार झाला होता, हात टेकवत नव्हता. फक्त तो सपाट राहिला नव्हता. माशाला सपाट बर्फ लागत नाही, त्याला गार बर्फ लागतो. ज्या घरात पणज्यापासून मीठ पिकलं, त्या घरातल्या माणसाला पाणी सुटलेला बर्फ दिसला आणि हात आपोआप मिठाकडे गेला. दुसऱ्या कुठल्या गावात ही चूक झालीच नसती. तेव्हा मात्र मला हे काही सुचलं नाही. तेव्हा मी भिंतीला टेकून रडत होते आणि आत्या बापसाला त्याच्या जन्मापासूनच्या सगळ्या चुका वाचून दाखवत होती.

मैत्रिणीनं मोजे चढवले, स्केट्स बांधले, काठी आणि चकती घेतली. म्हणाली, "रोना बाद में. वो कोना बचा है ना? चल."

गोणी संपली म्हणून वाचलेला तो कोपरा. मशीनच्या तोंडासमोरचा, धड पट्टी म्हणता येईल एवढाच. ती त्यावर उभी राहिली, लटपटली, भिंत धरली, सोडली, धावली आणि पाती आडवी करून झर्रकन थांबली. बर्फाचा फवारा उडाला. आम्ही सगळे "ओ!" म्हणून ओरडलो, शिव्या देणारी आत्यासुद्धा. तिला वळणही नीट जमलं. मी मोबाईलवर घेतलं, तिच्या मागे फक्त मशीन आणि भिंत.

मग स्केट्स माझ्या पायांत, मोबाईल तिच्या हातात. तोपर्यंत कोपऱ्यालाही ओल आली होती. मी धावले आणि कोपरा संपला तरी थांबले नाही. थेट खारवलेल्या भागात गेले. पातं खड्ड्यात अडकलं, पडले, ढोपर फुटलं. उठले. पुन्हा पडले. मागून बापूस ओरडत होता, "उठ गो! उठ!" तिसऱ्यांदा मी काठीनं चकती पुढे ढकलत, त्या मिठाच्या चिखलातून पाय उचलून उचलून, दारापर्यंत गेले, वळले, परत आले आणि कोपऱ्यात येऊन थांबले. थांबले ते सुरेख थांबले. व्हिडिओत मागे बापूस दिसतो, रिकामी गोणी छातीशी धरलेला. आत्याचा आवाज येतो, आणि ती जे बोलते ते इथे लिहिता येणार नाही. मी दोन्ही व्हिडिओ तसेच पाठवले.

साहेबांचा फोन आला. मैत्रिणीचं पक्कं झालं होतं. माझ्याबद्दल म्हणाले, "खरं सांगू? तुझा जास्त आवडला. इतक्या घाण बर्फावर कोणी उठून पुन्हा धावत नाही. पण हे वरच्या लोकांना दाखवायचंय. तो मागचा गोणीवाला माणूस काढ. त्या बाईचा आवाजही काढ. मासळी बाजार वाटतोय अगदी. एवढं कापलंस की झालं."

"तो गोणीवाला माणूस माझे वडील आहेत."

"अगं हो, पण कापायला कितीसा वेळ लागतो?"

"कापणार नाही," मी म्हटलं. विचार करून म्हटलं असं नाही, तोंडातून आलं. पण आल्यावर मला ते बरोबर वाटलं. ज्या माणसाच्या जमिनीवर मी उभी राहायला शिकले, ज्यानं दुपारचं जेवण सोडून माझ्या बर्फावर पहारा दिला, त्याला कापून मी बर्फावर जाऊ? चुकला, चुकला! माझ्यासाठी चुकला. साहेब म्हणाले, विचार कर आणि कळव.

घरी मी लपवलं नाही, सरळ सांगितलं. वाटलं बापसाला बरं वाटेल. छे! तो उसळलाच. "तुला अक्कल हाय का गो? माझं थोबाड काय सोन्याचं हाय? कापाचं होतं! रडत होतीस ना बर्फापायी?" आणि माझ्या हातातला मोबाईल ओढून त्यानं स्वतःच साहेबांना फोन लावला. बापूस फोनवर नेहमी स्पीकर लावूनच बोलतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, मी त्या पोरीचा बापूस. तो गोणीवाला. मना कापा. माझ्या बहिणीला पन कापा, ती बोलते ते कापालाच पायजे. पन पोरीला घ्या. मीठ मी मारलं, तिचा काय दोष न्हाय."

मी फोन घ्यायला गेले तर त्यानं पाठ फिरवली. आयुष्यात कोणापुढे न वाकलेला माणूस. जमिनीच्या भानगडीत भल्याभल्यांना अंगणातून परत पाठवलेला. तो एका अनोळखी माणसाला "मना कापा" म्हणून विनवत होता. मला त्याचा राग आला, दया आली, आणि त्याला घट्ट धरून ठेवावंसंही वाटलं.

साहेब खूश झाले. "वा, तुम्ही समजूतदार आहात. झालं तर मग. आणखी एक बारीकशी गोष्ट. तिच्या नावापुढे आम्ही ठाणे लिहू. दोघींच्याही."

"म्हंजे?"

"म्हणजे भिवंडी नको. जिल्हा तोच आहे ना, खोटं काहीच नाही. भिवंडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे काय येतं तुम्हाला माहीतच आहे. पैसे देणाऱ्यांना जरा बरं दिसलं पाहिजे."

बापूस हातातल्या मोबाईलकडे बघत राहिला. साहेब दोनदा "हॅलो" म्हणाले. मी समोर जाऊन त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, आता हो म्हणेल. माझ्यासाठी म्हणेल. आणि एक क्षण, खोटं कशाला बोलू, त्यानं म्हणावं असं मलाही वाटलं.

"साहेब," तो म्हणाला, "मना कापा, मी कालचा मेलेला समजा. पन गाव कापाचं न्हाय. पोर भिवंडीत पडली, भिवंडीत उठली. तुमच्या लोकांना बघवत न्हाय तर डोळं मिटून घ्या म्हनावं." आणि फोन बंद केला.

मग खाली बसला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी परत नासवलं का गो तुझं?"

"न्हाय बाबा," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि मी ते आवरलंही नाही. "तू बोलला नसतास तर मी बोलले असते." तो माझी समजूत काढायला लागला, मी त्याची, आणि आत्या आम्हा दोघांना रडकी म्हणाली. माझं नाव त्या संघात आलं नाही.

मैत्रीण आली ती भांडायच्या तयारीनं. "तू नहीं तो मैं भी नहीं." तिला मी असं झापलं की साहेबांवरचा राग तिच्यावर निघाला. म्हटलं, वेडी आहेस का? तुझ्या घरातून तुला किती मुश्किलीनं सोडतायत, आणि तू माझ्यापायी घरी बसणार? दोघी बसलो तर भिवंडी नको म्हणणाऱ्यांचंच भलं. स्केट्सची पाती मी गोड्या पाण्यानं धुतली, पुसली, मिस्त्रीकाकांनी दिलेलं लूमचं तेल लावलं आणि जोडी तिच्या बॅगेत भरली. जीव जळत होता, हेही सांगते. माझे पाय मागे राहणार होते.

निघताना तिनं मला टी-शर्ट दाखवला. पाठीवर ठाणे लिहिलं होतं. ती बघत होती मी काय म्हणते.

मी म्हटलं, "घाल. थंडी असेल. पण तिथे सगळ्यांसमोर उभं करून विचारतील, कुठली तू?"

"तो?" ती बॅगेची चेन ओढत म्हणाली. "भिवंडी बोलूँगी. और क्या बोलूँगी?"